शुगरची गोळी कॅन्सरचे जीन बंद करते म्हणे: अशी बातमी आली तर तपासायची कशी

मेटफॉर्मिन म्हणजे तीच ती शुगरची पांढरी गोळी, पीएचसीत फुकट भेटते, मेडिकलमध्ये स्वस्तात भेटते, आपल्या यवतमाळ-वर्ध्याकडच्या कोणत्याही गावात चार घरं फिरा, एखाद्या घरात तरी तिचा पत्ता, म्हणजे गोळ्यांची स्ट्रिप, टीव्हीच्या मागं खोचलेला सापडतेच. अन् दर काही महिन्यांनी तिच्यावर एक बातमी फिरते, "शुगरची गोळी कॅन्सरचे जीन बंद करते". माझं मेडिकल तालुक्याच्या गावात आहे, बाजाराच्या दिवशी लोकं मोबाईल काउंटरवर ठेवतात अन् विचारतात, "भाऊ, हे पाहा जी, आमच्या पोट्ट्यानं पाठवलं, मले शुगर नाही पण घेतली तर चालते का?" दुसरे बरोबर उलटं विचारतात, "जीनमध्ये ढवळाढवळ करते म्हणते ही, बंद करू का मी?" दोघांनाही उत्तर एकच, आपल्या मनानं चालू करू नका अन् आपल्या मनानं बंद करू नका. पण नुसतं एवढं सांगून कोणी ऐकत नाही, काहून ते समजलं पाहिजे. म्हणून ही बातमी हातात आली की ती कशी सोलायची ते लिहून राहिलो, थोडं लांबेल, चहा घेऊन बसा.

आधी हे मान्य करा की बातमी साफ खोटी नसते. खोटी असती तर सोपं होतं. तिच्यात खरा भाग आहे अन् तो भारी आहे, फक्त तो जिथं खरा आहे तिथंच खरा आहे.

जीनचं प्रकरण समजून घ्यायला लै शिकायची गरज नाही. आपल्या अंगातल्या जवळपास प्रत्येक पेशीत जीन तेच असतात, डोळ्यात तेच अन् लिव्हरमध्येही तेच, फरक एवढाच की कुठं कोणता जीन वाचला जाते अन् कोणता मिटून ठेवलेला राहते. सातबारा तोच असते, पीकपेरा हंगामाप्रमाणं बदलते, यंदा पऱ्हाटी तर पुढच्या साली तूर. बातमीत "मेटफॉर्मिनचा जीनवर परिणाम" असं लिहिलेलं असते तेव्हा गोष्ट पीकपेऱ्याची चालू असते, सातबाऱ्याची नाही. म्हणजे गोळी तुमचे जीन बदलत नाही, कोणता जीन किती वाचला जाईल यावर तिचा हात पोचते. "ढवळाढवळ" वाल्यांची भीती इथंच अर्धी निघून जायला पाहिजे.

हात पोचते कसा? मेटफॉर्मिन पेशीत गेली की मायटोकॉन्ड्रियात, म्हणजे पेशीची ऊर्जा जिथं तयार होते तिथं, थोडा अडथळा आणते. ऊर्जा कमी पडली की एएमपीके नावाचं एक प्रोटीन जागं होते, त्याचं कामच हे की ऊर्जा कमी आहे, फालतू खर्च बंद करा. मग एमटॉर नावाचं दुसरं प्रोटीन, जे पेशीला वाढ-वाढ म्हणून ढोसत असते, ते मंदावते. कॅन्सरची पेशी म्हणजे वाढीची हाव सुटलेली पेशी, त्यामुळं कॅन्सरवाल्यांचे कान इथंच टवकारले. त्यात आणखी एक योगायोग, एएमपीकेला चालू करणारं जे प्रोटीन आहे एलकेबी-वन, ते कॅन्सरला आळा घालणारं म्हणून आधीपासूनच ओळखीचं होतं, त्याचा जीन जन्मापासून बिघडलेला असला तर आतड्यात गाठी होतात अन् कॅन्सरचा धोका वाढते. शुगरची गोळी जाऊन जाऊन कॅन्सरच्या दारातच उभी राहिली म्हणा ना.

आता एएमपीके जीनपर्यंत कसं जाते. जीन ज्याच्यात लिहिलेले असतात त्या डीएनएवर मिथाइल नावाचे बारीक रासायनिक ठिपके बसतात, बऱ्याच ठिकाणी ते बसले की तो जीन वाचायचा बंद होते. हे ठिपके पुसायच्या कामात टेट-टू नावाचं एक एन्झाइम असते, अन् ते कॅन्सर रोखणाऱ्यांपैकी एक समजलं जाते, रक्ताच्या कित्येक कॅन्सरांत त्याचाच जीन बिघडलेला भेटते. २०१८ साली 'नेचर' मासिकात एक काम छापून आलं. त्यात दिसलं की एएमपीके या टेट-टूला टिकवून धरते, पण साखर वाढलेली राहिली की एएमपीके ढिलं पडते, टेट-टू मोडून जाते अन् ठिपके पुसताना टेट-टू डीएनएवर जी वेगळी खूण सोडते ती कमी होते. डायबेटिसवाल्यांच्या रक्तातल्या पेशींत ती खूण कमी झालेली दिसली. अन् मेटफॉर्मिन दिली तर टेट-टू वाचते, हे त्यांनी पेशींत अन् उंदरांत दाखवलं. माझ्या मते या सगळ्या विषयातली सगळ्यात मोलाची गोष्ट हीच, कारण तिच्यात गोळीपेक्षा वाढलेली साखर जास्त गुन्हेगार दिसते. बातमी लिहिणाऱ्यानं मथळा मात्र गोळीचा केला.

बाकीचे रस्ते पण आहेत, लवकर सांगतो. २०१२ मध्ये इटलीतल्या लोकांनी दाखवलं की मेटफॉर्मिननं डायसर नावाचं एन्झाइम वाढते, ते मायक्रोआरएनए नावाचे छोटे तुकडे कापून तयार करते, अन् त्यातल्या एकानं सी-मिक नावाचा कॅन्सरला चढवणारा जीन खाली बसते. डीएनए ज्या हिस्टोन नावाच्या प्रोटीनवर गुंडाळलेला असते त्याच्यावर पण एएमपीके थेट खूण करते हे २०१० पासून माहीत आहे. अन् एक रस्ता जीनचा नाहीच, साधा आहे, गोळीनं रक्तातलं इन्सुलिन खाली येते, इन्सुलिन स्वतःच वाढीचा हुकूम देणारं हार्मोन आहे, हुकूम कमी झाला.

वाचून वाटते ना की मग द्या ना सगळ्यांना. थांबा. आता सोलायला घेऊ.

पहिला सवाल बातमीला हा विचारायचा की हे कुठं पाहिलं, काचेच्या डिशमध्ये, उंदरात, का माणसात. बातमीच्या खालच्या भागात कुठंतरी "पेशींवर", "प्रयोगशाळेत", "उंदरांमध्ये" असा शब्द लपलेला असते, मथळ्यात तो कधीच नसते. मी तर आता मोबाईल हातात घेतला की सरळ खाली सरकवून तोच शब्द पाहतो. "पेशींवर" दिसला की समजा रस्त्याची सुरुवात आहे, अजून गाव दूर आहे.

दुसरा सवाल डोसचा, अन् इथं थोडं रेंगाळतो कारण हे कोणी सांगत नाही. नेहमीच्या डोसवर माणसाच्या रक्तात मेटफॉर्मिनचं प्रमाण एका मिलीलिटरला साधारण एक मायक्रोग्रॅम किंवा त्याच्यापेक्षा कमी राहते, औषधाच्या माहितीपत्रकात लिहिल्याप्रमाणं जास्तीत जास्त डोसच्या अभ्यासांतही ते पाचच्या वर गेलं नाही. डिशमधल्या पेशींवर मात्र कित्येक प्रयोगांत याच्या शेकडो पट जास्त मेटफॉर्मिन ओतलेली असते. तेवढी माणसाच्या रक्तात आणायची म्हटलं तर माणूस कॅन्सरच्या आधी रक्तात आम्ल साचून, म्हणजे लॅक्टिक अ‍ॅसिडोसिसनंच जाईल. शिवाय ही गोळी पेशीत आपोआप शिरत नाही, तिला आत घ्यायला पेशीच्या भिंतीवर वाहतूक करणारं वेगळं प्रोटीन लागते, लिव्हरकडं ते भरपूर आहे, प्रत्येक गाठीकडं असेलच असं नाही. एक जागा मात्र अशी आहे जिथं ती रक्तापेक्षा किती तरी पट जास्त साचते, ती म्हणजे आतडं. ही गोष्ट लक्षात ठेवा, खाली कामी येते.

तिसरा सवाल, माणसात पाहिलं म्हणते तर कसं पाहिलं? या विषयाला माणसांत खरी हवा लागली ती २००५ मध्ये, स्कॉटलंडमधल्या टेसाइड भागातल्या डायबेटिसवाल्यांच्या नोंदी तपासल्या अन् मेटफॉर्मिन घेणाऱ्यांत कॅन्सर कमी दिसला. त्यानंतर असे नोंदी चाळणारे अभ्यास धडाधड आले. पण नोंदीत एक खोच असते. मेटफॉर्मिन बहुतेक करून त्याला देतात ज्याची शुगर नवी आहे, किडनी चांगली आहे. ज्याची तब्येत आधीच खालावली तो इन्सुलिनवर गेलेला असते. मग दोघांची तुलना केली तर मेटफॉर्मिनवाला चांगलाच दिसणार, त्यात गोळीची कमाल किती अन् त्याच्या मूळच्या तब्येतीची किती? दुसरी खोच आणखी बारीक. समजा एखाद्यानं शुगर निघाल्यावर तीन वर्षांनी मेटफॉर्मिन चालू केली, तर ती तीन वर्षं तो धडधाकट होता म्हणूनच तो "मेटफॉर्मिनवाल्यांत" मोजला गेला, मधातच कॅन्सर झाला असता तर दुसऱ्या गटात पडला असता. ही तीन वर्षं गोळीच्या खात्यात फुकट जमा होतात. २०१२ मध्ये कॅनडातल्या दोघा संशोधकांनी हे हिशोब उघडे पाडले अन् बऱ्याच अभ्यासांचा मोठा फायदा या चुकीतूनच आला असं दाखवलं.

म्हणून चौथा सवाल, चिठ्ठ्या टाकून दोन गट केले होते का? म्हणजे कोणाला गोळी अन् कोणाला तशीच दिसणारी खोटी गोळी हे नशिबावर सोडलं होतं का, हीच खरी परीक्षा. अशी सगळ्यात मोठ्यांपैकी एक परीक्षा ब्रेस्ट कॅन्सरवर झाली, शुगर नसलेले ३,६४९ पेशंट, ८५० मिलिग्रॅम दिवसातून दोनदा, पाच वर्षं. २०२२ मध्ये निकाल छापून आला, कॅन्सर परत येण्यात फरक पडला नाही. फुप्फुसाच्या कॅन्सरवर रेडिएशन-किमोसोबत देऊन पाहिली, २०२१ मध्ये दोन चाचण्यांचे निकाल आले, फायदा नाही, उलट एकीत मेटफॉर्मिनवाल्यांचं जास्त वाईट झालं. पसरलेल्या प्रोस्टेट कॅन्सरवर ब्रिटनमधल्या मोठ्या चाचणीत दिली, आयुष्य वाढलं असं ठामपणे म्हणता येईल एवढा फरक निघाला नाही, पण हार्मोनच्या उपचारानं जे वजन अन् साखर वाढते ते मात्र कमी राहिलं. वाईट नाही, पण "कॅन्सर बरा" पण नाही.

अन् आता आतडं. जपानमध्ये आतड्यातल्या गाठी, पॉलिप म्हणतात त्या, काढून टाकलेल्या अन् शुगर नसलेल्या लोकांना वर्षभर फक्त २५० मिलिग्रॅम रोज दिली, चिठ्ठ्या टाकूनच. २०१६ मध्ये निकाल आला, अ‍ॅडिनोमा नावाच्या गाठी, ज्यातून पुढं कॅन्सर होऊ शकते, त्या खोट्या गोळीवाल्यांत ५१.६ टक्के लोकांना परत दिसल्या अन् मेटफॉर्मिनवाल्यांत ३०.६ टक्क्यांना. दीडेकशे लोकांचीच चाचणी, एकाच वर्षाची, अन् मोजलं ते पॉलिप, कॅन्सर नाही. तरी मला हिच्यात दम वाटते, कारण गोळी जिथं साचते तिथंच परिणाम दिसला, हिशोब जुळते. पण हे पॉलिप काढलेल्या माणसानं त्याच्या डॉक्टरसोबत बोलायचं, तुम्ही-आम्ही खिशातून काढून खायचं नाही.

हे चार सवाल पाठ झाले की समोर कोणतीही बातमी येऊ द्या, हळदीची असो का सीताफळाच्या पानाची, तेच लावा.

आता प्रत्यक्ष पत्त्याचं. इथं मी जरा ओरडतो, कारण घोटाळे इथंच होतात. शुगर नसलेला माणूस "कॅन्सरसाठी" म्हणून काकाच्या पत्त्यातली गोळी उचलते. आता तो पत्ता उलटा करून पाहा, मागं बारीक अक्षरात मेटफॉर्मिनच्या सोबत दुसरं एक नाव असते बऱ्याच वेळा, ग्लिमेपिराइड. आपल्याकडं कित्येक लोकं ही जोडगोळीच खातात अन् तिला "शुगरची गोळी" एवढंच म्हणतात. नुसत्या मेटफॉर्मिननं साखर सहसा धोकादायक खाली जात नाही, पण ग्लिमेपिराइडनं जाते. सकाळी उपाशीपोटी ती खाऊन कापूस वेचायला गेलेली बाई दहा वाजता पऱ्हाटीच्या ओळीत घामाघूम होऊन, हातपाय थरथरत बसते, अन् बाकीच्या बाया म्हणतात ऊन लागलं. ऊन नाही लागलं, साखर पडली, शुद्धीत असेल तर आधी गूळ नाहीतर साखरेचं पाणी द्या अन् मग दवाखाना. शुद्ध नसेल तर तोंडात काही ओतू नका, सरळ गाडी करा, १०८ ला फोन लावा. म्हणून सांगतो की दुसऱ्याच्या पत्त्यातली गोळी कोणत्याच बातमीसाठी तोंडात घालायची नाही. पत्त्यावर लाल रेघ असते ना उभी, ती शोभेची नसते, डॉक्टरच्या चिठ्ठीशिवाय नाही असा तिचा अर्थ.

ज्यांना शुगर आहे अन् डॉक्टरनं दिली आहे त्यांनी चालूच ठेवायची, जेवणासोबत नाहीतर जेवल्यावर, नाहीतर पोट ढवळते, संडास लागते. पत्त्यावर एसआर, म्हणजे औषध हळूहळू सोडणारी गोळी, असं लिहिलं असलं तर चावायची नाही, तोडायची नाही, कुटायची तर बिलकुल नाही. एका मावशींनी लै घाबरून सांगितलं होतं की गोळी अख्खीच संडासात पडली, पोटात विरघळलीच नाही, पैसे वाया गेले. नाही गेले जी, एसआर गोळीचं नुसतं कवच पडते कधी कधी, औषध आत सुटून गेलेलं असते.

किडनीची तपासणी वर्षातून एकदा तरी. ही गोळी अंगात मोडत नाही, जशीच्या तशी लघवीतून बाहेर जाते, त्यामुळं किडनी थकली की ती साचते. क्रिएटिनिनच्या रिपोर्टवर खाली ईजीएफआर, म्हणजे किडनी किती गाळते त्याचा आकडा, लिहिलेलं असते, ते ३० च्या खाली असलं तर मेटफॉर्मिन चालत नाही, ४५ च्या खाली आलं की डोसबद्दल डॉक्टरला विचारायचं. अन् बरीच वर्षं घेत असाल तर बी-१२ पण तपासून घ्या, ही गोळी ते कमी करते, तळपायाला मुंग्या येतात अन् लोकं म्हणतात शुगरमुळं झालं असेल. गंमत पाहा, ज्या मिथाइलच्या ठिपक्यांची वर एवढी कथा सांगितली त्याच साखळीत बी-१२ लागते, म्हणजे जीनच्या नावानं गोळी खायची अन् बी-१२ कडं पाहायचं नाही, हे काही जमत नाही.

"या गोळीनंच कॅन्सर होते" असा पण एक मेसेज आहे. त्याच्यामागं २०२० ची गोष्ट आहे, अमेरिकेत काही कंपन्यांच्या एसआर प्रकारच्या मेटफॉर्मिनमध्ये एनडीएमए नावाची, कॅन्सर करू शकते अशी समजली जाणारी अशुद्धी ठरलेल्या मर्यादेच्या वर निघाली अन् ते लॉट परत मागवले. दोष त्या मालातल्या अशुद्धीचा होता, मेटफॉर्मिनचा नाही, अन् तेव्हा पण तिथल्या सरकारनं हेच सांगितलं की डॉक्टरला विचारल्याशिवाय गोळी बंद करू नका.

अन् एक बोलतोच, राग आला तरी चालेल. जे लोकं माझ्या काउंटरवर कॅन्सर टाळायच्या गोळीची चौकशी करतात त्यातल्या कित्येकांच्या गालात त्याच वेळी खर्रा असते. पन्नीत घोटलेली सुपारी, तंबाखू अन् चुना. तंबाखूचं तर सोडाच, नुसत्या सुपारीलाच जागतिक आरोग्य संघटनेच्या कॅन्सर संशोधन संस्थेनं कॅन्सर करणाऱ्यांच्या पहिल्या गटात टाकून ठेवलं आहे. तोंडातल्या पांढऱ्या चट्ट्यांवर मेटफॉर्मिन देऊन पाहिली आहे, हो, पण ती छोटी चाचणी होती, तुलनेला दुसरा गटच नव्हता, तिच्यावर विसंबून खर्रा चालू ठेवणं म्हणजे कमालच झाली. तोंडात पांढरा-लाल चट्टा, दोन-तीन हप्त्यात न भरणारी जखम, तोंड पूर्ण न उघडणं, तिखट सहन न होणं, यातलं काही असलं तर दाखवून घ्या. तीस वर्षांच्या वरच्यांची शुगर, बीपी, तोंड, अन् बायांची छाती अन् गर्भाशयाचं तोंड, ही तपासणी सरकारी दवाखान्यात फुकट होते, आशाताई घरी फॉर्म भरायला येते तेव्हा "आमाले काही नाही" म्हणून तिला परत लावू नका.

ज्यांच्या घरी शुगर पण आहे अन् कॅन्सरचा उपचार पण चालू आहे, सेवाग्रामला म्हणा का नागपूरला, त्यांच्यासाठी शेवटचं. तिथं गेल्यावर शुगरची गोळी कोणती, किती मिलिग्रॅमची, दिवसातून किती वेळा, हे पहिल्याच दिवशी सांगा, पत्ताच सोबत न्या, "पांढरी गोळी आहे" असं सांगून डॉक्टरला काही कळत नाही. किमोसोबत उलट्या रोखायला स्टेरॉइड देतात, त्यानं साखर वर जाते, तेव्हा डोस ते बदलतील. उलट्या-जुलाब लागले, दोन दिवस पोटात काही थांबत नाही, अंगातलं पाणी कमी झालं, अशा वेळी मेटफॉर्मिन घ्यायची का थांबवायची हे त्याच दिवशी फोन करून विचारा. अन् सीटी स्कॅनला शिरेतून रंगाचं इंजेक्शन देणार असतील तर टेबलावर झोपायच्या आधी सांगा की मी मेटफॉर्मिन घेतो, किडनीच्या रिपोर्टप्रमाणं काही जणांची ती त्या दिवसापासून बंद ठेवतात अन् ४८ तासांनी किडनी परत तपासून मगच चालू करतात.